वाचक विचारतात : सिलिकॉनमधला एक छोटा आकडा आणि आपल्याकडचं ऊन

मागच्या अंकात ट्रान्झिस्टरवर लिहिलं तेव्हा इंट्रिन्सिक कॅरिअर कॉन्सन्ट्रेशन हा शब्द एका ओळीत येऊन गेला, आणि नेमकं त्याच ओळीवर लातूर, बीड, परभणी, नांदेड सगळीकडून प्रश्न आले, म्हणून हा पूर्ण कॉलम त्यालाच देतोय. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शुद्ध सिलिकॉनमध्ये नुसत्या उष्णतेनं काही इलेक्ट्रॉन बॉन्ड तोडून मोकळे होतात, इलेक्ट्रॉन सुटला की मागं रिकामी जागा राहते ती होल, आणि करंट हे दोघंही वाहून नेतात, म्हणून दोघांना कॅरिअर म्हणतात. एका घनसेंटीमीटरमध्ये अशा किती जोड्या कायम असतात, तो हा आकडा. पुढं सगळीकडं त्याला एनआय म्हणूया. इलेक्ट्रॉनला सुटायला जेवढी ऊर्जा लागते तो बँड गॅप, सिलिकॉनसाठी साधारण १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट.

प्रश्न : मी बारावीला आहे, क्लासमध्ये सिलिकॉनचा एनआय १.५ × १०^१६ प्रति घनमीटर पाठ करून घेतला. माझ्या दादाच्या इंजिनियरिंगच्या नोट्समध्ये १ × १०^१० प्रति घनसेंटीमीटर आहे. आणि मी स्वतः फॉर्म्युल्यात आकडे घालून काढलं तर ६.७ × १०^९ आलं. तीन उत्तरं कशी? खरं कोणतं? – एक विद्यार्थिनी, लातूर

तू स्वतः आकडे घालून बघितलेस ही फार मोठी गोष्ट आहे, कारण शंभरातले नव्याण्णव जण हा आकडा पाठ करतात आणि पुढं जातात. आधी युनिटचं बघू. १.५ × १०^१६ प्रति घनमीटर म्हणजेच १.५ × १०^१० प्रति घनसेंटीमीटर, म्हणजे क्लासचा आणि दादाचा आकडा एकाच घरातले आहेत, फरक फक्त दीड आणि एकचा. तुझं उत्तर ०.६७. आता हा दीड, एक आणि ०.६७ चा घोळ कुठून आला ते सांगतो, आणि यात तुझी गणिताची चूक अजिबात नाही.

फॉर्म्युला काय म्हणतो? कंडक्शन बँडमध्ये (मोकळे इलेक्ट्रॉन फिरतात तो) किती जागा उपलब्ध आहेत आणि व्हॅलन्स बँडमध्ये (होल फिरतात तो) किती, या दोघांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ, आणि त्याला गुणायचं ई चा घात वजा बँड गॅप भागिले २केटी नं; इथं के म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक आणि टी म्हणजे केल्विनमधलं तापमान. तो २ खाली का येतो हे बरेच जण विचारतात. इलेक्ट्रॉनची संख्या गुणिले होलची संख्या हा गुणाकार बँड गॅप भागिले केटी वर चालतो, शुद्ध मटेरियलमध्ये दोघांची संख्या सारखी म्हणून वर्गमूळ घेतलं, आणि वर्गमूळ घेतलं की घात अर्धा होतो, एवढंच.

तू पुस्तकातून कंडक्शन बँडसाठी २.८ × १०^१९ आणि व्हॅलन्स बँडसाठी १.०४ × १०^१९ घेतले असणार. त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ १.७ × १०^१९ च्या आसपास येतं, ३०० केल्विनला (साधारण २७ अंश, म्हणजे खोलीचं तापमान) ई चा घात साधारण ३.९ × १०^-१० येतो, गुणाकार केला की बरोब्बर ६.७ × १०^९. गडबड त्या १.०४ मध्ये आहे. तो आकडा होलच्या इफेक्टिव्ह मासवरून, म्हणजे क्रिस्टलमध्ये होल जेवढ्या वजनाचा असल्यासारखा वागतो त्यावरून काढतात, आणि ते मास मोजलं होतं ४ केल्विनला, लिक्विड हेलियमच्या थंडीत. व्हॅलन्स बँडचा आकार वरवर साधा पॅराबोला वाटतो पण तसा तो नाही, तापमान वाढलं की होल बँडमध्ये खोलवर पसरतात आणि तिथं इफेक्टिव्ह मास वाढतं. ३०० केल्विनला खरा आकडा १.०४ नाही तर ३.१ × १०^१९ च्या जवळ आहे. तो घालून परत कर, बँड गॅप १.१२ ऐवजी १.१२४ घे, उत्तर १.०७ × १०^१० येईल. दादाच्या नोट्सच्या अगदी शेजारी.

मग क्लासमधला दीड कुठला? तो मोजलेला आकडा आहे, पण मोजलाय जास्त तापमानाला. १९५४ मध्ये बेल लॅब्जमधल्या मोरिन आणि माइटा यांनी सिलिकॉनची कंडक्टिव्हिटी आणि हॉल इफेक्ट (चुंबकामुळं करंटला आडवं येणारं व्होल्टेज) मोजले, गरम सिलिकॉनमधून मिळालेली रेषा खाली ३०० केल्विनपर्यंत ओढली की १.४ ते १.५ च्या दरम्यान आकडा येतो, आणि तोच पुढं चाळीसेक वर्षं पुस्तकांत राहिला. जास्त तापमानाला का मोजलं, हा प्रश्न तुला पडायला पाहिजे, आणि त्याचं उत्तर मला या सगळ्यातलं सगळ्यात भारी वाटतं. खोलीच्या तापमानाला खरंखुरं इंट्रिन्सिक सिलिकॉन व्यवहारात मिळतच नाही. एका घनसेंटीमीटरमध्ये सिलिकॉनचे ५ × १०^२२ अणू असतात आणि मोकळ्या जोड्या १०^१०, म्हणजे पाच लाख कोटी अणूंमागं एक जोडी. आता तेवढ्याच अणूंमागं फॉस्फरस किंवा बोरॉनचा एखाददुसरा अणू जरी शिरला तरी त्याचे कॅरिअर या जोड्यांच्या बरोबरीला येतात. इतकं स्वच्छ सिलिकॉन बनवणं कारखान्यांना आजही जमत नाही, त्यामुळं आपण ज्याला शुद्ध म्हणतो ते खोलीच्या तापमानाला अशुद्धीच्याच जोरावर करंट वाहतं. गरम केलं की उष्णतेच्या जोड्या इतक्या वाढतात की अशुद्धी त्यांच्यापुढं झाकून जाते, तेव्हा खरा इंट्रिन्सिक गुण दिसतो.

आकडा दुरुस्त करून दिला तो सोलर सेलवाल्यांनी. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स युनिव्हर्सिटीत मार्टिन ग्रीन यांनी १९९० मध्ये जुनी सगळी मोजमापं तपासून १.०८ × १०^१० सांगितलं, आणि १९९१ मध्ये स्प्राउल आणि ग्रीन यांनी थेट २७५ ते ३७५ केल्विनच्या पट्ट्यात, जंक्शनमधला (इलेक्ट्रॉन जास्त असलेलं आणि होल जास्त असलेलं सिलिकॉन जिथं भिडतं तिथला) मायनॉरिटी कॅरिअरचा, म्हणजे संख्येनं कमी असलेल्या कॅरिअरचा, करंट वापरून १.०० × १०^१० मोजलं. पुढं १९९३ मध्ये मिसिआकोस आणि त्सामाकिस यांनी ९.७ × १०^९ मोजलं, २००३ मध्ये अल्टरमॅट आणि सहकाऱ्यांनी जुन्या प्रयोगाचा हिशेब परत करून ९.६५ × १०^९ आणलं, आणि आज सोलरच्या हिशेबात हाच वापरतात. दीड आणि एक यात काय मोठं असं वाटेल, पण जंक्शनचा डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही गळणारा करंट, एनआयच्या वर्गावर चालतो, म्हणजे तिथं दुपटीहून जास्त फरक पडतो, आणि सेलच्या व्होल्टेजमध्ये साधारण २१ मिलिव्होल्टचा. ज्या लोकांचं आयुष्य एकेक मिलिव्होल्ट वाढवण्यात जातं त्यांना हे सहन होण्यासारखं नव्हतं.

पेपरचं म्हणशील तर गणितात जो आकडा दिलाय तोच घ्यायचा, १.५ दिला तर १.५. पण वहीच्या कडेला १.० लिहून ठेव.

प्रश्न : औंदा सोलर पंप बसला, ५ एचपी. जानेवारी-फेब्रुवारीत दुपारी पाणी चांगलं मारायचा, मे महिन्यात ऊन मरणाचं पडतंय तरी दुपारी पाणी कमी. ऊन जास्त तर करंट जास्त पाहिजे ना? कंपनीचा माणूस म्हणतो प्लेटा गरम झाल्या. गरम झाल्यानं कामून कमी व्हावं? – एक शेतकरी, ता. गेवराई, जि. बीड

दादा, त्या माणसानं खरं सांगितलं, फक्त पुढचं सांगायचं राहिलं. प्लेटांना पाहिजे असतो तो प्रकाश, उष्णता नाही, आणि आपल्याकडं मे महिन्यात दोन्ही सोबतच येतात.

प्लेटेच्या मागच्या स्टिकरवर जे वॅट लिहिलेत ते २५ अंशाला मोजलेले असतात, आणि ते २५ अंश हवेचे नाहीत, सेलचे. मे महिन्यात हवा ४२ असेल तर भर दुपारी काचेखालचा सेल सहज ७० वर जातो. आता वरच्या मुलीला सांगितलेला एनआय इथं येतो. सिलिकॉनमध्ये तो या पट्ट्यात साधारण दर ९-१० अंशाला दुप्पट होतो, म्हणजे २५ वरून ७० ला गेल्यावर जवळपास २७ पट. आणि सेलच्या आतल्या आत जो उलटा करंट गळतो तो एनआयच्या वर्गावर चालतो, म्हणजे सातशे पटीच्या आसपास. एवढं ऐकून घाबरू नका, मुळात तो करंट फारच छोटा असतो, पण त्याच्यामुळं व्होल्टेज खाली बसतं, एका सेलमागं एका अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट. ४५ अंशाला ९० मिलिव्होल्ट, आणि प्लेटेत ७२ सेल एकामागं एक जोडलेले असतील तर साडेसहा व्होल्ट एका प्लेटेमागं गेले. ऊन जास्त असल्यानं करंट थोडा वाढतो पण ही घट त्यानं भरून निघत नाही.

पॉवरमध्ये बोलायचं तर नेहमीच्या प्लेटेला एका अंशामागं ०.३५ टक्के घट धरतात, ४५ अंशाला पंधरा-सोळा टक्के. म्हणजे ३०० वॅटची प्लेट भर दुपारी २५० च्या आसपास देते आणि बिघाड काहीच नसतो.

पण एक सांगतो, सगळा दोष उष्णतेवर टाकू नका. पाणी निम्म्यावर आलं असेल तर १५ टक्क्यांनी त्याचा हिशेब लागत नाही. मे महिन्यात बोअरची किंवा विहिरीची पातळी खाली गेलेली असते, मोटरीला जास्त खोलीवरून पाणी ओढावं लागतं, तेवढ्याच वॅटमध्ये लिटर कमी पडणारच. दुसरं म्हणजे धूळ, आपल्याकडं उन्हाळ्यात नांगरट झालेली रानं असतात आणि वाऱ्यानं प्लेटांवर मातीचा थर बसतो. पहिल्यांदा प्लेटा धुवा, पण सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, काच तडकू शकते. प्लेटांच्या खालून वारा खेळता पाहिजे, तिथं पत्रे टाकून सामान ठेवायची खोली केली असेल तर ती हलवा, खालची हवा कोंडली की सेल अजून तापतात. आणि दुपारी १२ ते ३ पेक्षा सकाळी ८ ते ११ मध्ये किती पाणी येतंय ते चार दिवस बघा. सकाळी ऊन कमी असतं पण प्लेटा गार असतात, बऱ्याच जणांचा पाण्याच्या पाळीचा हिशेब त्यावरून सुधारतो.

गावात अजून कोणी स्वतःच्या पैशानं प्लेटा घेणार असेल तर डेटाशीटवर टेंपरेचर कोइफिशंट नावाची ओळ असते ती वाचायला सांगा. सेलच्या बनावटीप्रमाणं ती बदलते: जुन्या पर्क प्रकारात ती एका अंशामागं वजा ०.३५ टक्क्यांच्या आसपास असते, टॉपकॉनमध्ये वजा ०.३० च्या आसपास, हेटेरोजंक्शनमध्ये वजा ०.२५ च्या आसपास. दुकानदार फक्त वॅट सांगतो. थंड देशात ही ओळ नाही वाचली तरी चालतं, पण मराठवाड्यात वाचलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, कारण आपल्याकडं पाण्याची गरज आणि उष्णता दोन्ही एकाच महिन्यात टोकाला जातात.

प्रश्न : एन टाइप करायला फॉस्फरस टाकला की इलेक्ट्रॉन वाढतात हे पटलं. पण होल कमी का होतात? आपण होलला तर हातच लावला नाही. – बी.एस्सी. दुसरं वर्ष, नांदेड

पुस्तकात लिहितात की इलेक्ट्रॉन गुणिले होल बरोबर एनआयचा वर्ग, आणि पुढं जातात, त्यामुळं तो नियम आकाशातून पडल्यासारखा वाटतो. भाजी बाजार डोळ्यासमोर आण. गाडी रोज तेवढाच माल आणते, कारण तो शेतातून येतो, बाजारावर अवलंबून नाही. आता गिऱ्हाईक दहापट झालं तर माल यायचा तेवढाच येतो पण ओट्यावर शिल्लक दिसतो तो कमी, कारण आला की उचलला जातो. होलचं असंच आहे. उष्णता दर सेकंदाला किती जोड्या तयार करणार ते तापमान आणि बँड गॅप ठरवतात, डोपिंगचा, म्हणजे मुद्दाम मिसळलेल्या फॉस्फरससारख्या अशुद्धीचा, त्यावर जवळपास काही परिणाम नाही. पण तयार झालेला होल किती वेळ टिकणार हे त्याला इलेक्ट्रॉन किती लवकर भेटतो यावर आहे, आणि फॉस्फरसनं इलेक्ट्रॉनची गर्दी केलेली आहे. म्हणून होल लवकर भरून जातात आणि कोणत्याही क्षणी मोजले तर कमीच सापडतात.

आकड्यात बघ. दहा लाख अणूंमागं फॉस्फरसचा एक टाकला, एवढाच, तर इलेक्ट्रॉन ५ × १०^२२ प्रति घनमीटर झाले. एनआय १.५ × १०^१६ धरला तर होल उरतात ४.५ × १०^९ प्रति घनमीटर. शुद्ध असताना दोघं सारखे होते, आता एकमेकांत १३ शून्यांचा फरक. दहा लाखात एक एवढ्या चिमूटभर डोपिंगनं हे होतं, आणि हे शक्य होतं कारण मुळात एनआय इतका छोटा आहे. तोच मोठा असता तर चिमूट पुरली नसती, डोपिंगला किंमतच राहिली नसती.

आणि म्हणूनच सिलिकॉन खूप तापवलं की ते डोपिंग विसरतं. घनसेंटीमीटरला १०^१५ असं हलकं डोपिंग असेल तर अडीचशे अंशाच्या वर कुठंतरी एनआय त्याच्या बरोबरीला येतो, मग एन टाइप आणि पी टाइप (होल जास्त असलेला) हा भेदच पुसला जातो आणि जंक्शन जंक्शनसारखं वागत नाही.

प्रश्न : मी जुने रेडिओ दुरुस्त करतो, एसी १२८ आणि एसी १२७ ट्रान्झिस्टरवाले सेट अजून येतात. हिवाळ्यात चांगले वाजतात, उन्हाळ्यात तासाभरात आवाज फाटतो, ट्रान्झिस्टर हाताला चटका देतो, कधी कधी जातोच. सिलिकॉनचा टाकला तर आवाजच बिघडतो. काय करावं? – रेडिओ मेकॅनिक, परभणी

काका, हे सेट जिवंत ठेवताय याबद्दल आधी नमस्कार. एसी १२७ आणि एसी १२८ जर्मेनियमचे आहेत, आणि जर्मेनियमचा बँड गॅप ०.६६, सिलिकॉनच्या निम्म्याच्या थोडा वर. बँड गॅप घातात बसलेला असल्यामुळं थोड्या फरकाचं भलतंच होतं. जर्मेनियमचा एनआय २.४ × १०^१३, सिलिकॉनच्या दोन हजार पटीहून जास्त. सिलिकॉनमध्ये पाच लाख कोटी अणूंमागं एक जोडी होती, जर्मेनियममध्ये १८० कोटींमागं एक. म्हणजे ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून गळती चालूच असते.

जर्मेनियमची गळती साधारण दर १० अंशाला दुप्पट असा जुना ठोकताळा आहे. गळती वाढली की कलेक्टर करंट वाढतो, करंट वाढला की ट्रान्झिस्टर तापतो, तापला की गळती अजून वाढते. हिवाळ्यात ही साखळी एका जागी थांबते कारण डबी हवेत उष्णता सोडते. परभणीच्या मे महिन्यात हवाच ४३-४४ असते, सोडायची कुठं? मग साखळी थांबत नाही आणि ट्रान्झिस्टर स्वतःलाच जाळतो. सिलिकॉनची गळतीसुद्धा उष्णतेनं तशीच पटीपटीनं वाढते, पण त्याची सुरुवातच इतकी खालून असते की उन्हाळ्यात दुप्पट-चौपट झाली तरी कळत नाही. १९४७ चा पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा, १९५४ मध्ये सिलिकॉनचे आले, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सगळा धंदा सिलिकॉनकडं वळला त्यात उष्णता हे मोठं कारण होतं.

आता उपाय. सिलिकॉनचा थेट टाकला की आवाज बिघडतो कारण जर्मेनियमला बेस-एमिटरमध्ये ०.२ ते ०.३ व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला ०.६ ते ०.७ लागतात, जुन्या बायसवर, म्हणजे त्याला आधीपासून दिलेल्या व्होल्टेजवर, तो अर्धवट झोपलेलाच राहतो. टाकायचाच असेल तर जोडीतले दोन्ही बदला आणि बायस नव्यानं लावा. मूळ जर्मेनियमच ठेवायचा असेल तर आधी बायसमधला थर्मिस्टर तपासा, तो गरम झाल्यावर बायस खाली ओढायला बसवलेला असतो आणि इतक्या वर्षांत बहुतेक वेळा तोच गेलेला असतो, किंवा कोणीतरी काढून साधा रेझिस्टर टाकलेला असतो. एमिटरमधले छोटे रेझिस्टर शॉर्ट केलेले नाहीत ना ते बघा, करंट वाढला की तेच त्याला मागं ओढतात. धातूच्या डबीला पितळी किंवा ॲल्युमिनियमची क्लिप लावा. आणि शांत असतानाचा करंट थोडा खालीच ठेवा, आवाजात किंचित खरखर आली तरी चालेल, गिऱ्हाइकाला समजावून सांगा. उन्हाच्या खिडकीत सेट ठेवू नका हे पण सांगा.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीत सिलिकॉन कार्बाइड वापरतात म्हणे, त्याचा एनआय किती? – जालना

इतका कमी की घनसेंटीमीटरमध्ये सांगायलाच अवघड. बँड गॅप ३.२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, खोलीच्या तापमानाला एनआय येतो साधारण १०^-८ प्रति घनसेंटीमीटर, म्हणजे एक जोडी सापडायला शे-दोनशे घनमीटर मटेरियल लागेल, एका मोठ्या हॉलएवढं. म्हणून ते तापमानाला दाद देत नाही आणि गाडीच्या इन्व्हर्टरमध्ये सिलिकॉनपेक्षा जास्त गरम चालवता येतं. प्रत्यक्षात मर्यादा येते ती पॅकेजिंगची, सोल्डर आणि प्लास्टिक आधी हार मानतात, मटेरियल नाही.